चौकाचा आराखडा बदलताना मैलाचा दगड, बिडाचा खांब, जुनी फरसबंदी कशी वाचवायची?

नकाशावाचक (धागालेखक)

शहराच्या मध्यभागाचा पुनर्विकास ठरला की मोठ्या इमारतींवर आपोआप चर्चा सुरू होते. त्यांची कुठेतरी नोंद असते, त्यांच्यासाठी भांडणारी माणसंही असतात. मैलाचा दगड, हद्दीची खूण, जोत्यावर कोरलेली पातळीची रेघ, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) दिव्याचा खांब, जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी, भिंतीवरची पुसट रंगवलेली जाहिरात, नक्षीदार झाकणं, यांच्याबाबत मात्र 'ठेवायचं की काढायचं' असा प्रश्नच कुणी विचारत नाही. ती नकाशावर नसतात, म्हणून जातात.

ती नकाशावर का नसतात, तर आराखड्याच्या मुळाशी टोटल स्टेशनची (अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राची) मोजणी असते आणि मोजणाऱ्या टीमला कोडची ठरलेली यादी दिलेली असते: खांब, झाड, चेंबर, भिंतीची कड, रस्त्याची कड. यादीत हद्दीचा दगड नसेल तर तो 'इतर'मध्ये जातो, नाहीतर सुटतोच. ओतीव नक्षीचा शंभर वर्षांचा खांब आणि गेल्या वर्षी उभा केलेला साधा पाइप, दोन्हींचा नकाशावर एकसारखाच गोल. पुढे डिझाइन करणारा स्क्रीनवर तो गोल दोन मीटर सरकवतो आणि त्याच्या दृष्टीने विषय संपतो.

म्हणून मोजणीच्या कार्यादेशातच या वस्तूंसाठी वेगळा लेअर मागून घ्यावा. प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि प्रत्येकीचं एक पान. त्यावर चारही बाजूंचे फोटो (मोजपट्टी फोटोत दिसली पाहिजे), लांबी-रुंदी-उंची, साहित्य, जमिनीला किंवा भिंतीला ती कशी जोडली आहे, माथ्याची व पायाची पातळी, आणि मालकी. मालकीचा रकाना लोक रिकामा सोडतात आणि तिथेच पुढे अडतं. खांब एका खात्याचा, झाकण दुसऱ्याचं, ज्या भिंतीवर पाटी आहे ती तिसऱ्याची. परवानगी तिघांची लागते.

झिजलेल्या अक्षरांचे फोटो भर दुपारी काढू नका, काही दिसत नाही. रात्री टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून काढा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे आकडेही उठून येतात.

आता प्रश्न. यादी तयार झाली की जागेवर काय ठेवायचं आणि काय हलवलं तरी चालेल, हे तुम्ही कशावरून ठरवता?

---

हद्दखूण

माझी कसोटी एकच: वस्तूचा अर्थ वस्तूत आहे की जागेत?

मैलाचा दगड, हद्दीची खूण, पुराची रेघ, पातळीची खूण यांचा अर्थ जागेत असतो. पुराची रेघ अर्धा मीटर वर सरकवली की ती खोटं बोलायला लागते. पातळीच्या खुणेत, म्हणजे ठरलेली उंची दाखवणाऱ्या खुणेत, दगडावर एक आडवी खाच आणि तिच्याकडे टोक केलेला बाण असतो. नोंदवहीतली उंची त्या खाचेची असते. दगड काढून तिथेच परत बसवला तरी तो काही मिलिमीटर वर-खाली होतोच, मग नोंदवहीतल्या आकड्याला किंमत राहत नाही. अशा वस्तूंसाठी 'काढून परत बसवणे' हा पर्यायच नाही. त्यांच्याभोवती डिझाइन फिरवायचं.

पॅरिसचं उदाहरण बघा. मीटर हे माप लोकांच्या अंगवळणी पडावं म्हणून १७९६-९७ मध्ये शहरात संगमरवरी मीटरपट्ट्या १६ ठिकाणी बसवल्या होत्या. आज दोन उरल्या आहेत. त्यातली मूळ जागी फक्त एकच आहे, व्होजिरार रस्त्यावर ३६ क्रमांकाच्या कमानीखाली. दुसरी १८४८ मध्ये हलवून व्हाँदोम चौकात नेली. दगड दोन्ही खरे आहेत. पण लोकांच्या नजरेस कुठे पडावी म्हणून ती पट्टी लावली होती, हे पहिलीच सांगते.

दिव्याचे खांब, बाक, बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब), पाण्याचे नळखांब यांचा अर्थ बराचसा वस्तूत असतो. ते त्याच रस्त्यावर, त्याच रांगेत थोडे सरकले तर चालतं. जागेचा मुद्दा व्हेनिस सनदेच्या (वारसा-जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, १९६४) सातव्या अनुच्छेदातही आहे: वास्तू तिच्या परिसरापासून वेगळी काढता येत नाही, आणि तिच्या रक्षणासाठी गरज असेल किंवा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हिताचं फार मोठं कारण असेल तरच ती हलवता येते. 'नव्या पार्किंगच्या आड येते' ही त्या अर्थाने गरज नव्हे.

---

हिरवळ

पण हे सगळं एकाच ठिकाणी, छोट्या बागेत मांडलं तर? लोकांना एकत्र बघता येईल, देखभाल सोपी, चोरीही नाही.

---

हद्दखूण

हिरवळ, ही सूचना प्रत्येक बैठकीत येते, कारण ती सगळ्यांना सोयीची असते. चार मैलाचे दगड एका बागेत शेजारी शेजारी उभे केले की चारही चुकीचं अंतर सांगतात. तीन वर्षांनी त्याच बागेचं सुशोभीकरण निघतं तेव्हा त्यांच्यावर ऑइलपेंट बसतो. मूळ जागा खरोखर नष्ट झालेल्या वस्तूंसाठीच बाग ठेवा. तिथेही पाटीवर मूळ ठिकाण आणि हलवल्याचं वर्ष लिहा, आणि मूळ ठिकाणी फरशीत एक खूण बसवा.

फरशीतली खूण कमी लेखू नका. बर्लिनमध्ये भिंत जिथून जात होती ती रेषा शहराच्या मध्यभागी रस्त्यात दगडांच्या दुहेरी ओळीने दाखवली आहे. एडिनबरात पाडलेल्या नेदरबो वेशीची जागा हाय स्ट्रीटवर पितळी ठोकळ्यांनी आखली आहे. गाड्या वरून जातात, काही अडत नाही.

---

साइटवाला

कंत्राटदाराच्या बाजूने लिहितो, राग नसावा.

नकाशावर 'जुना दगड जतन करणे' अशी टीप असते आणि बीओक्यूमध्ये (कामांच्या आणि दरांच्या यादीत) त्या नावाने एकही ओळ नसते. टीपेचं बिल निघत नाही. मुकादमाकडे जेसीबी तासावर उभा असतो, दगड मध्ये येतो, बकेट लागते, दगड मलब्याच्या गाडीत. ओतीव लोखंड असेल तर भंगारात, कारण त्याला तिथे भाव आहे.

वाचवायचंच असेल तर या ओळी स्वतंत्र, नगावर टाका:

– जागेवर संरक्षण: वस्तूभोवती १८ मिमी प्लायची पेटी. पेटी जमिनीवर टेकलेली, वस्तूला न चिकटणारी, चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवून.
– हाताने खोदून मोकळं करणे, क्रमांक घालणे, उचलणे.
– साठवण: कुलूपबंद जागा, आवक-जावक वही, महिन्याला तपासणी.
– परत बसवणे, सांधेभरणीसह.
– हरवल्यास किंवा तुटल्यास कपात. रक्कम आधीच ठरलेली हवी आणि नवीन वस्तूच्या किमतीहून जास्त हवी. नाहीतर नवीन आणून ठेवणंच स्वस्त पडतं.

आणि खोदल्यावर जमिनीखाली काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. त्यासाठी प्रोव्हिजनल सम, म्हणजे अनिश्चित कामासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, ठेवा. ती नसेल तर काहीतरी निघाल्यावर साइट इंजिनिअरसमोर दोनच मार्ग उरतात, काम थांबवून दिरंगाईचा दंड सोसायचा किंवा माती ओढायची. तो माती ओढणार.

---

चिरेबंदी

साइटवाला यांनी मुद्द्याचं लिहिलं. आता दगड उचलण्याबद्दल.

आधी वजन काढा. ३० × ३० सेंमी छेद आणि १.२ मीटर लांबी म्हणजे ०.१०८ घनमीटर. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट साधारण २.७ ते २.९ टन प्रति घनमीटर, म्हणजे दगड ३०० किलोच्या आसपास. वर दिसतो तेवढाच तो नसतो. उभ्या दगडाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग जमिनीत असतो आणि तो भाग न घडवलेला, वेडावाकडा असतो.

असे दगड मोडतात ते बहुतेक जमिनीच्या पातळीलाच. तिथे दगड वर्षानुवर्षं ओला-सुका होत राहिलेला असतो, क्षार साठलेले असतात. साखळी वरच्या भागाला बांधून ओढलं की सगळा ताण तिथेच येतो. म्हणून चारही बाजूंनी हाताने, दगडाच्या बुडापर्यंत खोदा. पहार दगडाला टेकवून रेटू नका, मध्ये लाकडी ठोकळा घाला. नायलॉनचे रुंद पट्टे गुरुत्वमध्याच्या थोडे वर बांधा, साखळी नको. उचलल्यावर आडवा ठेवायचा तो लाकडी पट्ट्यांवर, कोरलेली बाजू वर. वरून ताडपत्री, पण हवा खेळती ठेवून. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळला तर आतल्या आत घाम धरतो आणि लोणा फुटतो, म्हणजे पांढरे क्षार वर येतात.

क्रमांक घालताना रंग वापरू नका. तोंडावर तर नाहीच. सांध्यात किंवा जमिनीत जाणाऱ्या बाजूवर खडूने लिहा आणि तोच क्रमांक फोटोवर व आराखड्यावर ठेवा.

परत उभा करताना भोवती काँक्रीटची कॉलर ओतायची सवय आहे. ती टाळा. दगड आणि काँक्रीट यांच्या फटीत पाणी उभं राहतं, दगड तिथेच कुजतो, आणि पुढच्या पिढीला दगड काढायचा झाला तर तो फोडूनच काढावा लागतो. तळाला खडी ठोकून बसवा, भोवती १५ सेंमीच्या थरांनी खडी-माती कुटत या, प्रत्येक थरानंतर ओळंबा लावा. मूळ खोली ठेवली असेल तर दगड हलत नाही. बुडखा छाटून कमी खोलीत बसवला की मग कॉलर लागतेच. तेव्हा बुडखा छाटू देऊ नका.

---

पायवाट

जुन्या दगडी ठोकळ्यांच्या फरसबंदीबद्दल कुणी बोललं नाही. ती सुंदर असते हे मान्य. पण चाकाची खुर्ची, काठी, बाबागाडी यांच्यासाठी तीच अडथळा असते. 'वारसा' म्हणून लोकांना चौकाबाहेर ठेवायचं का?

---

चिरेबंदी

नाही, आणि त्यासाठी फरसबंदी उखडायचीही गरज नाही. तिच्यातून १.५ मीटर रुंदीची सपाट पट्टी काढा, एका ओलांडणीपासून दुसऱ्या ओलांडणीपर्यंत सलग. मध्येच संपणारी पट्टी निरुपयोगी. वर्दळ जास्त असेल तर १.८ मीटर, म्हणजे दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडून जातील. पट्टीसाठी निघालेले ठोकळेच वापरता येतात. माथा करवतीने सपाट कापायचा आणि घसरू नये म्हणून खरबरीत करायचा. ग्रॅनाइटवर आगीचा झोत चालतो, कारण त्यातलं क्वार्ट्झ तापून फुलतं आणि वरच्या बारीक कपच्या उडतात. बेसाल्टवर त्याचा भरवसा नाही. तिथे टाकी मारा. घसरडेपणा मोजणाऱ्या पेंडुलम चाचणीत ओल्या पृष्ठभागाचा आकडा ३६ किंवा जास्त यायला हवा. सांधे १० मिमीपेक्षा रुंद नकोत, पुढची छोटी चाकं अडकतात.

ठोकळे काढताना काही फुटतातच. दहा-पंधरा टक्के तूट गृहीत धरा आणि ती भरायला वेगळ्या खाणीचा दगड आणून सगळीकडे शिंपडू नका. जुने सगळे एका सलग भागात लावा, नवे दुसऱ्या भागात.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते इथे: खाली रेतीचा लवचिक थर आणि वर सिमेंटचे कडक सांधे. वाहन गेलं की ठोकळा किंचित दबतो, सांधा तडकतो, पाणी आत जातं, पुढचं चाक ते पाणी रेतीसकट वर फेकतं. दोन पावसाळ्यांत ठोकळे डुलायला लागतात. मग 'जुनी फरसबंदी टिकत नाही' म्हणत डांबर. एकतर खालपासून वरपर्यंत लवचिक करा (कुटलेली खडी, खरखरीत रेती, रेतीचेच सांधे आणि कडेला घट्ट कर्ब, म्हणजे काठाचे दगड) किंवा सगळंच कडक करा. अर्धं-अर्धं नको.

---

ओतारी

बिडाच्या खांबांसाठी चार गोष्टी.

बीड ठिसूळ असतं. वाकत नाही, तडकतं. उतरवताना आधी दिव्याची पेटी आणि आडव्या भुजा काढा, मग खांब. भुजेला पट्टा लावून उचलला तर भुजा हातात येते. तडा गेला असेल तर गल्लीतल्या वेल्डरकडे देऊ नका. साध्या रॉडने वेल्ड केलं की शेजारी नवा तडा जातो. आधी तापवून निकेलचा रॉड वापरावा लागतो. त्याहून बरं म्हणजे तड्यावर आडव्या खाचा करून धातूच्या पट्ट्यांनी थंड टाके घालणं.

खांब पोकळ असतो आणि आत साचलेलं पाणी बाहेर पडायला बुडाशी भोक असतं. फुटपाथची उंची वाढली की ते भोक गाडलं जातं. पाणी आत साचतं, खांब आतून गंजतो. थंड प्रदेशात ते गोठून खांब उभा फाटतो. बहुतेक वेळा ओतशाळेचं नाव आणि वर्ष असलेली पट्टीही त्याच उंचीवर असते, तीही गाडली जाते. नव्या फुटपाथची पातळी ठरवताना या भोकाची पातळी कागदावर हवी.

दगडात रोवलेल्या कठड्याच्या सळया शिसं ओतून बसवलेल्या असतात. शिशाखाली पाणी शिरलं की लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. दगड आतून फुटतो. अशा सळईचं गाडलेलं टोक कापून तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस जोडा. वरची सळई तीच राहते.

जुन्या रंगात शिसं असणार असंच धरून चाला. कोरडं ग्राइंडिंग नको. ओलं घासा, चुरा गोळा करा. आणि नवा रंग ठरवण्याआधी एका कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेत एकेक थर पायरीपायरीने खरवडा. खालून वर आधीचे सगळे रंग दिसतात. 'हेरिटेज' म्हणजे काळा आणि सोनेरी, हे कुठून आलं देव जाणे. खरवडल्यावर बहुतेकदा हिरवा, राखाडी, तपकिरी निघतो.

---

चुनाघाणी

सांधेभरणीबद्दल. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंटच्या दरजा (दगडांमधले सांधे) भरू नका, हे सगळे ऐकतात आणि कामाच्या दिवशी गोणी सिमेंटचीच येते. भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडायची असते. दरज बंद झाली की ती दगडातून बाहेर पडते, क्षार दगडाच्या तोंडाशी जमतात आणि तोंडाचे पापुद्रे सुटतात. दरजा तशाच उभ्या आणि मध्ये दगड खोल गेलेला दिसला, की तिथे सिमेंट झालंय असं समजा.

जुनी दरज छिन्नीने काढा, ग्राइंडर नको. ग्राइंडर हमखास दगडात शिरतो. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिमी. एनएचएल ३.५ (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) १ भाग, खरखरीत धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग, आकारमानाने. भरण्याआधी दरज ओली करा. नंतर ओलं गोणपाट किमान आठवडाभर. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम पुढे ढकला.

सफाईसाठी सँडब्लास्टिंग कुणी सुचवलं तर लेखी नकार द्या. टाकीचे घाव हीच त्या दगडाची सही असते, ती पाच मिनिटांत जाते. आम्लही नको. पाण्याचा बारीक फवारा आणि नायलॉनचा ब्रश. तारेच्या ब्रशचे कण दगडात राहतात आणि पुढच्या पावसात गंजाचे ओघळ दिसतात.

भिंतीवरच्या जुन्या रंगवलेल्या जाहिरातींना परत रंगवू नका, वर पारदर्शक सीलरही मारू नका. सीलरमागे ओल अडकते आणि रंग पोपड्यासकट येतो. वरची पन्हळ दुरुस्त करा, पाणी थांबवा, मचाणाचे आणि होर्डिंगचे अँकर तेवढ्या भागात घेऊ देऊ नका. बस्स.

---

साइटवाला

कंपनाचं राहिलं. रस्त्याचा रोलर कंपन चालू ठेवून जुन्या भिंतीशेजारून गेला की दरजा गळतात. डीआयएन ४१५०-३ या जर्मन मानकात संवेदनशील जुन्या बांधकामासाठी पायाशी, १ ते १० हर्ट्झला, ३ मिमी प्रति सेकंद ही मर्यादा आहे. निविदेत ती आणि मोजयंत्र, दोन्ही लिहा. चालकासाठी सोपी सूचना: जुन्या भिंतीसमोर जमिनीवर रंगवलेल्या रेषेच्या आत कंपन बंद, नुसतं वजन. फेऱ्या जास्त माराव्या लागतात. त्याचे पैसे धरा.

---

नकाशावाचक

उत्तम माहिती. दोन गोष्टी राहिल्या, झाकणं आणि आराखड्यावर घ्यायच्या हरकती. झाकणांचं काय करायचं? वाहतूक खाते म्हणतं जुनी झाकणं भार घेत नाहीत.

---

ओतारी

खातं बरोबर सांगतंय. ईएन १२४ या झाकणांच्या युरोपीय मानकानुसार गाड्यांच्या रस्त्यात डी ४००, कर्बलगतच्या पट्ट्यात सी २५०, फुटपाथवर बी १२५ वर्ग लागतो. संख्या किलोन्यूटनमध्ये. जुन्या झाकणावर वर्ग लिहिलेला नसतो, तेव्हा रस्त्याच्या मधलं झाकण तिथे ठेवायचा हट्ट धरू नका. चाचणी करून फुटपाथवर न्या, किंवा चेंबरच बंद होत असेल तर खाली भरीव भराव करून झाकण जागेवरच फरशीत बसवा. मग ते झाकण राहत नाही, फरशी होतं, भाराचा प्रश्न मिटतो. मात्र चौकट आणि झाकण ही जोडी असते, दोघांवर एकच क्रमांक घाला. जोड्यांची अदलाबदल झाली की झाकण बसतं पण डुलतं, गाडी गेली की खडखडतं, आणि आठवड्यात तक्रारीवरून बदललं जातं.

---

हद्दखूण

हरकतींबद्दल. 'शहराचा वारसा वाचवा' असं लिहिलेल्या पत्राला 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं, दुसरं देताच येत नाही. असं लिहा: शीट क्रमांक अमुक, वस्तू क्रमांक १४, हद्दीचा दगड, सध्याची माथ्याची पातळी इतकी. प्रस्तावित फुटपाथ त्या जागी २२० मिमी वर येतो, म्हणून दगडावरची खालची ओळ गाडली जाईल. मागणी: दगडाभोवती ६०० मिमीपर्यंत फुटपाथ उतरता घ्यावा, निचऱ्याचा उतार रस्त्याकडे द्यावा, बीओक्यूमध्ये संरक्षणाची ओळ घालावी. एका पत्रात एकच वस्तू. सोबत तिचं पान आणि फोटो. अशा पत्राला अभियंत्याला हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारण, द्यावंच लागतं.

पातळीचा मुद्दा सगळ्यात आधी तपासा. डांबराचा जुना थर न खरवडता नवा चढवत गेलं की रस्ता दर वेळी काही सेंटिमीटर वर येतो, त्यामागे फुटपाथ वर येतो, आणि पायऱ्या, जोती, दगड हळूहळू बुडतात. 'मिलिंग करून पूर्वीच्याच पातळीला' एवढे चार शब्द निविदेत आले (मिलिंग म्हणजे जुना थर यंत्राने खरवडणं) तर यादीतल्या निम्म्या वस्तूंना वेगळं काही करावं लागत नाही.

---

पायवाट

हद्दखूण, फुटपाथ दगडाभोवती उतरता घेतला तर तिथे खड्डा होईल. पाणी साचेल आणि काठीवाल्याचा पाय जाईल.

---

हद्दखूण

२२० मिमी ६०० मध्ये उतरवले तर होईलच, उतार फार तीव्र आहे. जागा असेल तर तो १:१२ ने लांबवा, म्हणजे २२० मिमीसाठी सुमारे २.६५ मीटर. तेवढी जागा नसेल तर दगडाभोवती चौकोनी खोलगट चौकट ठेवा. कडेला १०० मिमी उंच दगडी काठ, म्हणजे काठी आधी काठाला लागते. तळाला जाळी आणि ती पावसाळी गटाराला जोडलेली. जाळीची फट १० मिमीच्या आत. मी वर लिहिलेलं ६०० मिमीचं वाक्य पत्रात वापरू नका, हे वापरा.